दैवशालाबाईंची खडीसाखर

दैवशालाबाई बोलायला लागल्या की ऐकणाऱ्यानं आधी टेकायला जागा शोधावी, असं अंबड तालुक्यातल्या निम्म्या शाळांत मानतात. उरलेल्या निम्म्या शाळांत त्या अजून गेलेल्या नाहीत. पिंपळगाव रेणुकाई हे त्यांचं माहेर. लहानपणी देवीला नैवेद्य घेऊन पाठवलं की ही पोर वाटेतल्या प्रत्येक ओट्यावर बसून गप्पा हाणायची आणि देवळात पोचेपर्यंत पुरणपोळीचा पापड व्हायचा. वडील रामराव म्हणायचे, "हिच्या तोंडाला झाकण करायचं देवाच्या ध्यानातून गेलं." पुढं लग्न झालं ते कल्याणरावांशी. हा गृहस्थ 'हूं' या एका शब्दावर गेली बावीस वर्षं संसार करतो आहे. स्थळ आणणाऱ्या माणसाला विनोद कळत असावा.

अशा बाईला नोकरी कसली मिळावी? ज्यांची वाढ उशिरा होते, ज्यांना बोलता येत नाही, अशा मुलांना शिकवायची. आणि त्या कामाचा पहिला नियम असा की शिकवणाऱ्यानं गप्प बसायचं.

हा नियम त्यांना जुन्या जालन्यात कळला. तिथं एका धान्याच्या दुकानाच्या माडीवर मुलांचं केंद्र होतं. खाली पोत्यांची आदळआपट, हमालांच्या हाका, रिक्षांचे भोंगे आणि वर दहा मुलं. दैवशालाबाई तेव्हा नव्या होत्या आणि उत्साहानं फुटायच्या बाकी होत्या. पहिलं वर्ष त्यांनी नुसतं बोलून काढलं. वर्ष सरलं तरी दहांतल्या एकाही मुलाच्या तोंडून शब्द फुटला नाही, खुणेनंसुद्धा कुणी काही मागितलं नाही. केंद्राच्या मोठ्या बाई होत्या उषाबाई. त्यांनी एके दिवशी हिशेब मांडला.

"दैवशाला, लेकराला तहान लागायच्या आधीच तू पाणी देतीस. ते पेलं की त्याच्या वतीनं 'छान छान'बी तूच म्हणतीस. मंग त्यानं बोलायचं कधी?"

दैवशालाबाईंना राग आला, रडूही आलं. उषाबाईंनी समजूत घातली नाही. खालच्या दुकानातून खडीसाखरेचा चांगला बोराएवढा खडा मागवला आणि त्यांच्या तोंडात घातला. "लेकरापुढं वस्तू धरायची, अन् हा खडा विरघळंस्तोवर तोंड उघडायचं न्हाई. त्याला येळ द्यायचा."

त्या दिवसापासून दैवशालाबाईंच्या पिशवीत खडीसाखरेची डबी असते. वीस वर्षांत दोन दाढा गेल्या, पण शंभरावर मुलं मार्गी लागली. कुणी शर्टाची गुंडी लावायला शिकलं, कुणाला डाव्या-उजव्या चपलेतला फरक कळला, कुणी चड्डी ओली व्हायच्या आधी खूण करायला लागलं. एका पोराला त्यांनी 'नको' म्हणायला शिकवलं, तर त्यानं पुढचा महिनाभर आईला दुसरं काही ऐकवलंच नाही. आई भांडायला आली तेव्हा बाई म्हणाल्या, "नको म्हणता आलं की अर्धं आयुष्य सुधरतं, ताई. आमाला अजून कुठं येतंय?"

आता त्या अंबडकडच्या गावांतून स्कूटीवर फिरतात आणि मुलांना शाळेत नाहीतर घरी जाऊन शिकवतात. असंच एका श्रावणात त्यांना अंकुशनगरच्या कारखान्याच्या वसाहतीत साक्षी भेटली.

साक्षी आठ वर्षांची. चौथ्या वर्षी चालायला लागली. बोलणं नाही, पण समज भरपूर. वडील नागसेन कारखान्यात यंत्रावर होते, आई प्रीती शाळेत शिकवायची. त्यामुळं दिवसभर साक्षी असायची आजीजवळ. आजी म्हणजे गिरिजाबाई, वय एकाहत्तर, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. डॉक्टरांनी वाट्या बदलायला सांगून दोन वर्षं झाली होती. पैशाची सोय झालेली, दवाखाना ठरलेला, पण म्हातारी हलायला तयार नव्हती.

"महिनाभर मी दवाखान्यात पडले तर हिला तहान लागली का भूक, कुणाला कळंल?" त्या म्हणायच्या. "तिच्या मायलाबी न्हाई कळत. मला तिच्या मानंवरून कळतं."

हे खरंच होतं. साक्षीनं मान इतकीशी वळवली की गिरिजाबाई भिंत धरत, कण्हत उठायच्या आणि पाणी आणून द्यायच्या. म्हणजे आजीचे गुडघे नातीसाठी झिजत होते आणि नातीसाठीच दुरुस्त होत नव्हते. प्रीतीनं दैवशालाबाईंना पहिल्याच दिवशी बाजूला घेऊन सांगितलं, "मॅडम, साक्षी दुसऱ्या कुणापाशी नुसतं पाणी मागायला शिकली ना, तरी सासूबाई ऑपरेशनला तयार होतील. डॉक्टर म्हणतेत की दिवाळीच्या पुढं फार उशीर केला तर चालणंच बंद होईल."

"पाणी ना?" दैवशालाबाई म्हणाल्या. "पाण्यापासूनच तर सगळे सुरू करतेत. बिलकुल काळजी करू नका."

आणि त्यांनी सगळ्यांसारखीच पाण्यापासून सुरुवात केली. पाण्याची खूणही नेहमीचीच, ओंजळ करून तोंडाशी न्यायची. रोज सकाळी ओसरीवर त्या साक्षीपुढं बसायच्या, एकदा खूण करून दाखवायच्या, मग पाण्याची बाटली उघडून हातात उंच धरायच्या आणि खडीसाखर तोंडात टाकून वाट बघायच्या. साक्षी बाटलीकडं बघायची, आतल्या दाराकडं बघायची, मान वळवायची. दैवशालाबाई ढिम्म. गिरिजाबाईंना त्यांनी मुद्दाम स्वयंपाकघरात बसवून ठेवलं होतं.

नवव्या दिवशी साक्षीनं दोन्ही हात पुढं केले, ओंजळ केली आणि मान वर करून बाटलीकडं पाहिलं.

दैवशालाबाईंचा आनंद गगनात मावेना. जवळ पेला नव्हता आणि क्षण घालवायचा नव्हता, म्हणून त्यांनी वरूनच बाटलीतली धार त्या ओंजळीत सोडली. साक्षी घटाघटा प्यायली, कोपरांवरून पाणी ओघळलं. नेमक्या तेव्हाच गिरिजाबाई चहाचा कप घेऊन दारात आल्या.

त्यांनी कप उंबऱ्यावरच ठेवला. नातीच्या दोन्ही ओल्या हातांना धरून तिला उठवलं आणि पदरानं ते हात असे पुसले, जसं काही त्यांना डांबर लागलं होतं.

"बंद करा हे," त्या म्हणाल्या. "उद्यापासून येऊ नका."

दैवशालाबाईंना वाटलं, आजीची माया आडवी आली. नातीनं दुसऱ्याच्या हातचं पाणी घेतलं म्हणून जीव दुखावला. असल्या आज्या त्यांनी पुष्कळ पाहिल्या होत्या आणि बोलून बोलून वळवल्याही होत्या. म्हणून दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा गेल्या. गिरिजाबाईंनी रीतीप्रमाणं आल्या आल्या तांब्या-पेला पुढं ठेवला, पण चकार शब्द काढला नाही. दैवशालाबाई अर्धा तास एकट्याच बोलल्या. लेकराचं भविष्य, डॉक्टरांची तारीख, जालन्यातल्या दहा मुलांच्या कहाण्या, सगळं सांगून झालं. गिरिजाबाई तूर निवडत राहिल्या. वीस वर्षांत प्रथमच बाईंना वाटलं की आपले शब्द संपले.

तिसऱ्या दिवशी त्यांनी ओसरीवर बसताच खडीसाखरेचा खडा काढला आणि तोंडात टाकला. समोर साक्षी नव्हती, आजी होती. मुलांना देतो तो वेळ म्हातारीला का देऊ नये, एवढंच त्यांच्या मनात आलं.

खडा निम्मा झाला आणि गिरिजाबाई बोलल्या.

"तुमच्या बापाची जमीन किती, बाई?"

दैवशालाबाईंनी बोटांनी नऊ एकर दाखवली.

"विहीर?"

मान हलली. होती.

"आमच्या गावातबी व्हती. मी हिच्याएवढी असंन, आठ वर्साची. तवाच्या आधी आमच्या लोकांनी धम्म घेतला व्हता, पर विहिरीनं कुठं घेतला व्हता? आमाला पोहऱ्याला हात लावायला मनाई. काठापसून लांब हुभं राह्यचं. कुणाला दया आली तर ते वरून पाणी वतायचे. अन् आमी असे." त्यांनी तुरीनं भरलेली ओंजळ तोंडाशी नेली आणि मान वर केली. "कुणाला दया आलीच न्हाई तर दुपार व्हायची. माय म्हणायची, रडू नको, रडल्यानं तहान वाढती."

त्यांनी ओंजळ सुपात रिकामी केली.

"माझं लगीन झालं, लेक झाला, तवा मी ठरवलं. माझ्या घरात लेकराला पाणी मागावं लागणार न्हाई. मागायच्या आधी देईन. नागसेनला तसंच वाढवलं, हिलाबी. अन् परवा चहा घेऊन आले, तर माझ्या ओट्यावर माझी नात ओंजळ करून बसलेली. तुमी वर बाटली धरून गंमत बघून राह्यल्या."

दैवशालाबाईंना वाटलं, ओसरी खचावी आणि आपण आत जावं. त्यांची लाज खरी होती आणि ती एवढ्याशीच नव्हती. त्या नवी नवरी होऊन सासरी आल्या तेव्हा गोठ्याच्या कोनाड्यात कान तुटलेला एक कप असायचा. कुणाचा म्हणून त्यांनी विचारलं होतं, तर सासू नंदाबाई म्हणाल्या होत्या, "सालदाराचा. त्याला हात लावू नको." वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारा तो गडी कोणत्या वस्तीतून यायचा हे त्यांना माहीत होतं. देवीच्या नैवेद्यापुढंही ज्या बाईचं तोंड थांबलं नाही, ती तेव्हा मात्र गप्प बसली होती. पुढं गोठा पक्का बांधताना तो कप फुटला. तोवर तो कुणीच टाकून दिला नव्हता, त्यांनीही नाही.

"चुकलं माझं, आजी," त्या म्हणाल्या. आणखी पुष्कळ बोलता आलं असतं, पण त्या थांबल्या.

गिरिजाबाई गुडघ्यांवर हात दाबून उठल्या, आत गेल्या आणि भांड्यांच्या मांडणीवरून स्टीलचा एक गिलास घेऊन आल्या. चांगला जाड, बुडाला वजन असलेला. साक्षीच्या नामकरणाला त्यांनीच घेतला होता आणि त्यावर नाव कोरून घेतलं होतं. आठ वर्षांत तो वापरातच आला नव्हता, कारण साक्षीला त्या स्वतःच्या तांब्यानं पाजायच्या.

"हे घ्या. माझी नात हात पसरणार न्हाई. आपला गिलास समोरच्याच्या पुढं ठिवील. ज्याच्यापुढं ठिवला त्यानं भरायचा."

दैवशालाबाईंनी गिलास हातात घेतला आणि त्यांना कळलं की आपल्या सगळ्या पुस्तकांतल्या खुणांपेक्षा ही खूण उजवी आहे. डोळ्यांना दिसते, कानाला ऐकू येते, कुणाला समजावून सांगावी लागत नाही.

शिकवणी पुन्हा सुरू झाली. साक्षीला गिलास ठेवण्यात मजा वाटू लागली, कारण फरशीवर तो ठण्ण वाजायचा. पण अडचण तिची नव्हतीच, आजीची होती. नातीचा हात गिलासाकडं जायच्या आधीच म्हातारीचा हात तांब्याकडं जायचा. दोनदा सांगून झालं, चारदा सांगून झालं. शेवटी दैवशालाबाईंनी डबी पुढं केली. "घ्या आजी. विरघळंस्तोवर हात मांडीवर." तेव्हापासून दोघी बाया रोज सकाळी गाल फुगवून ओसरीवर बसायच्या. नागसेन रात्रपाळीहून आला की हे बघून तोंड फिरवून हसायचा.

दिवाळीपर्यंत साक्षी आईपुढं गिलास ठेवू लागली, मग बापापुढं, मग शेजारच्या तुळजाबाईंपुढं. प्रीतीनं डॉक्टरांच्या तारखेचा विषय काढला. गिरिजाबाईंनी तो तिथंच मोडला.

"हे सगळे शिकवलेले हायेत. ठिवला की भरायचा, हे त्यांना बाईनं सांगितलंय. ज्याला कुणी काहीच सांगितलं न्हाई, अशा माणसानं भरला पाह्यजे. अन् माझ्या डोळ्यांदेखत. मंग जाईन."

दैवशालाबाईंना हे पटलं. दवाखान्यातल्या महिन्यात साक्षीला कुठं, कुणासमोर तहान लागेल, हे कुणी सांगावं? असा माणूस कुठून आणायचा याचा त्या विचार करत राहिल्या आणि हुरड्याचे दिवस आले.

दरवर्षी थंडीत ज्वारीची कणसं दाण्यात आली की दैवशालाबाई आपल्या मुलांना घरच्यांसकट सासरच्या शेतात हुरड्याला बोलावतात. सासूबाई नंदाबाई दरवर्षी कुरकुर करतात, "कुठली कुठली लेकरं गोळा करून आणती," आणि दरवर्षी लसणाची चटणी स्वतः कुटतात. चटणी अशी की खाल्ल्यावर माणूस पाण्याशिवाय राहूच शकत नाही. यंदा दैवशालाबाईंनी बेत रचला. माठाजवळ शीतलला बसवायचं. शीतल ही कल्याणरावांची भाची, जालन्याहून सुट्टीला आलेली, हसऱ्या तोंडाची, साक्षीला कधी न पाहिलेली. तिला काहीही सांगितलं नव्हतं. साक्षी गिलास ठेवील, शीतल भरील, गिरिजाबाई बघतील. सोपं काम.

पण वाऱ्याला बेत कुणी सांगितला नव्हता. आगटी पेटली, गोवऱ्यांच्या विस्तवात कणसं पडली आणि वारा फिरला. धूर थेट नंदाबाईंच्या डोळ्यांत. त्या खोकत उठल्या आणि म्हणाल्या, "शीतल, सरक गं तिकडं. कणसं चोळ जा." आणि माठाशेजारच्या पोत्यावर स्वतः ऐसपैस बसल्या.

जगातली कुणीही बाई चालली असती. दैवशालाबाईंना नको होती ती हीच एक. सासूबाई तोंडानं फटकळ, हातानं तुटक. परकं लेकरू जवळ गेलं की "ए, हिला घ्या गं कुणीतरी" म्हणणाऱ्या. साक्षीनं गिलास ठेवला आणि त्यांनी तो नुसता पायानं बाजूला सारला तरी? तेही गिरिजाबाईंसमोर? मग ती म्हातारी ना दवाखान्यात जाईल, ना पुन्हा कुणाच्या दारात नातीला गिलास ठेवू देईल. उठून काहीतरी निमित्त काढावं, सासूबाईंना हलवावं, असं त्यांना वाटलं. तेवढ्यात साक्षीनं चटणी लावलेला हुरडा तोंडात टाकला.

तिचे डोळे मोठे झाले. जीभ बाहेर आली. तिनं आजीकडं पाहून मान वळवली.

गिरिजाबाई बाभळीखाली चटईवर बसल्या होत्या. त्यांनी मान पाहिली. दैवशालाबाईंनी पाहिलं की म्हातारीचा हात आपोआप उठला, मग खाली आला आणि पिशवीत गेला. तिथून निघालेला खडा त्यांनी तोंडात टाकला आणि डोळे दुसरीकडं फिरवले. आठ वर्षांत पहिल्यांदा आजीनं नातीची तहान पाहिली नाही असं दाखवलं. त्या वेळी आजीचा चेहरा बघवत नव्हता. प्रीतीनं खाली बघितलं, नागसेनचा हात कणसावर थांबला. दैवशालाबाईंनीही खडा काढला. आता सासूबाईंना काही सांगायचा प्रश्नच उरला नाही.

साक्षीनं आणखी एकदा मान वळवून पाहिली. मग तिनं आईच्या पिशवीतून आपला गिलास काढला, माठ कुठं आहे ते पाहिलं आणि ढेकळांतून अडखळत नंदाबाईंपर्यंत गेली. पोत्याजवळ फरशीचा एक तुकडा पडला होता. त्यावर तिनं गिलास ठेवला. ठण्ण.

नंदाबाईंनी गिलासाकडं पाहिलं, मग पोरीकडं.

"काय गं?"

साक्षी गिलासाकडं बघत राहिली.

"कुणाचं लेकरू हे?" नंदाबाईंनी सगळ्यांकडं पाहिलं. कुणी बोलेना. आया गप्प, बाप गप्प, सूनसुद्धा गाल फुगवून गप्प. कल्याणराव तर काय, नेहमीचेच. "आरं, वाचा गेली का समद्यांची? मी एकलीच बोलून राह्यले."

साक्षीनं गिलास उचलला आणि पुन्हा ठेवला. ठण्ण.

"अस्सं," नंदाबाई म्हणाल्या. "तहान लागली व्हय."

त्यांनी एक हात जमिनीला टेकला, एक गुडघ्याला, "आई गं" म्हणत उठल्या. माठातून तांब्या भरला, गिलास विसळला, काठोकाठ भरला आणि साक्षीच्या हातात दिला. ती सांडील म्हणून बुडाला आपला हातही धरून ठेवला. साक्षी एका दमात प्यायली. मग गिलास परत फरशीवर.

"लईच हुकूम हाय हिचा," नंदाबाई म्हणाल्या आणि पुन्हा भरला.

दैवशालाबाईंनी वळून बाभळीखाली पाहिलं. गिरिजाबाई उठत होत्या. नागसेन धरायला धावला तर त्यांनी त्याला हातानं लांब ठेवलं. काठी टेकत, एकेक पाऊल मोजत त्या माठापर्यंत आल्या. साक्षीचा रिकामा झालेला गिलास तिच्या हातून घेतला, कष्टानं वाकल्या आणि नंदाबाईंच्या समोर फरशीवर ठेवला. साक्षीनं ठेवला होता तसाच, आवाज करून.

नंदाबाई चमकल्या. समोर आपल्याच वयाची म्हातारी. ती कुठल्या घरची, कुठल्या समाजाची, हे त्यांना सकाळीच कळलं होतं.

"तुमाला बी पाह्यजे?" नंदाबाई म्हणाल्या. "मंग मागायचं की, बाई."

"मागत नसते मी," गिरिजाबाई म्हणाल्या. "गिलास ठिवलाय."

नंदाबाईंच्या मनात गोठ्याचा कोनाडा आला का तो कप आला, हे कुणाला सांगता यायचं नाही. त्यांनी गिलास उचलला, विसळला, भरला आणि दोन्ही हातांनी पुढं केला. मग पोत्यावर आपण होऊन सरकून बसल्या.

"बसून प्या. हुभ्यानं पेलं की पाणी गुडघ्यात उतरतं म्हणतेत."

"माझ्या गुडघ्यात उतरायला काई राह्यलंच न्हाई," म्हणत गिरिजाबाई त्यांच्या शेजारी बसल्या. सावकाश, घोट घोट करून सगळं पाणी प्यायल्या. पदरानं तोंड पुसलं. मग सुनेला हाक मारली.

"प्रीती, त्या डॉक्टरला फोन लाव. वाट्यांची तारीख घेऊन टाक."

प्रीती तिथंच रडायला लागली. नंदाबाईंनी आपली गुडघ्यावरची साडी वर करून सूज दाखवली आणि विचारलं की वाट्या बदलायला किती दिवस लागतात, दुखतं का, दोन्ही एकदम करतात का. गिरिजाबाई सांगू लागल्या. साक्षीनं आजीच्या मांडीवरचा गिलास घेतला आणि दोघींच्या मधोमध फरशीवर ठेवला. या खेपेला दोन्ही म्हाताऱ्यांचे हात एकदमच तांब्याकडं गेले.

दैवशालाबाईंच्या तोंडातली खडीसाखर केव्हाच विरघळली होती. तरी त्या काही बोलल्या नाहीत. शेवटी कल्याणरावांनाच काळजी वाटली आणि त्यांनी विचारलं, "बरी हाइस ना?"

"हूं," दैवशालाबाई म्हणाल्या.